रोबोटिक्सच्या अनुदानात तुटफुटीची तरतूद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या जूनपासून आमच्या भागातील महापालिकेच्या काही शाळांत एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्वाच्या) निधीतून विज्ञान आणि रोबोटिक्स शिक्षणाचा उपक्रम सुरू होत आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्वतंत्र वर्गखोली, साहित्याचे संच, काही संगणक आणि आठवड्याच्या ठरावीक तासिका असे त्याचे स्वरूप असल्याचे पालकांच्या बैठकीत सांगण्यात आले. महापालिकेच्या शाळांत २८ वर्षे विज्ञान आणि गणित शिकवून चार वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. हा उपक्रम आपल्या शाळांत येतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच करारावर सह्या होण्यापूर्वी एक गोष्ट आपल्या वृत्तपत्रामार्फत सर्व संबंधितांपुढे मांडावीशी वाटते. या अनुदानातून काय विकत घेतले जाणार, याची चर्चा बैठकीत पुष्कळ झाली. घेतलेल्या वस्तू मोडल्या, संपल्या किंवा जळाल्या तर पुढे काय, हा प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही. माझ्या अनुभवानुसार उपक्रमाचे आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

माझ्या नोकरीच्या मधल्या काळात एका देणगीदाराने आमच्या शाळेला विज्ञानाच्या साहित्याचे मोठे कपाट दिले होते. त्यात भिंगे, चुंबक, ॲमीटर, व्होल्टमीटर, छोट्या मोटारी, तारा असे उत्तम साहित्य होते. देणगीदार निष्ठेने देत होता, यात शंका नाही. पण कपाट आले त्याच दिवशी त्यातील प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, झाली, आणि त्या नोंदीखाली विज्ञान शिक्षक म्हणून माझी सही घेण्यात आली. पहिल्या महिन्यात एका मुलाच्या हातून ॲमीटर जळाला. तो मुलगा काहीही गैर वागत नव्हता. त्याने ॲमीटर समांतर जोडला होता, आणि ती चूक केल्याशिवाय ॲमीटर एकसरीत का जोडतात हे कोणालाच नीट कळत नाही. त्या एका ॲमीटरच्या निर्लेखनासाठी, म्हणजे तो नोंदीतून कमी करण्यासाठी, मला तीन पत्रे लिहावी लागली, दोनदा खुलासा द्यावा लागला, आणि वर्षअखेरीच्या तपासणीत त्यावरून मला उभे राहून उत्तर द्यावे लागले. त्यानंतर मी स्वतःच्या हाताने त्या कपाटाला कुलूप लावले आणि पुढे प्रयोग टेबलावरून दाखवू लागले. मुले लांबून पाहत असत. ही माझ्या शिक्षकपणातील मोठी चूक होती असे मी आज मानते. तरीही जिथे नोंदीतील वस्तूची जबाबदारी शिक्षकावर टाकली जाते, तिथे बहुतेक शिक्षक हेच करतील, आणि त्यात त्यांच्या उत्साहाचा दोष नसतो.

रोबोटिक्सच्या साहित्याला ही अडचण दसपटीने लागू होते, कारण हे साहित्य मुळातच झिजणारे आणि बिघडणारे आहे. मोटारीचे प्लॅस्टिकचे गिअर घासले जातात, जोडतारांची टोके वाकतात, उलट ध्रुव जोडला की परिपथ क्षणात निकामी होतो, आणि सेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत संपतातच. यांतील बहुतेक गोष्टी अत्यंत स्वस्त आहेत. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेले तर अंतर मोजणारा साधा सेन्सर किंवा खेळण्याच्या गाडीची मोटार फार थोड्या पैशांत मिळते, हे विज्ञान प्रदर्शनासाठी तिथे चकरा मारलेल्या प्रत्येक पुणेकर विद्यार्थ्याला माहीत आहे. म्हणजे अडचण पैशांची फारशी नसून नोंदीची आहे. सरकारी कार्यालयात कागद, शाई, खडू यांची नोंद जशी उपभोग्य साहित्याच्या नोंदवहीत होते, तशीच सेन्सर, मोटारी, तारा, सेल आणि छोटे सर्किट बोर्ड यांची नोंद व्हावी, म्हणजे ते वापरून संपण्यासाठीच आहेत हे लेखी मान्य होईल. डेडस्टॉकमध्ये फक्त संगणक, फर्निचर, सोल्डरिंगचे यंत्र अशा टिकाऊ वस्तू राहाव्यात. शिक्षण विभागाने हे एक परिपत्रक काढले, तर माझ्या मते तो या उपक्रमाला मिळालेल्या कोणत्याही धनादेशाइतकाच मोठा आधार ठरेल.

शाळांत मुलांना स्वतः वस्तू बनवून पाहण्यासाठी प्रयोगशाळा उभारणाऱ्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत या बाबतीत एक शहाणपण आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखालील या योजनेच्या मूळ रचनेत शाळेला २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान होते. त्यातील १० लाख प्रयोगशाळा उभारण्यासाठी आणि उरलेले १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षे ती चालवण्यासाठी. म्हणजे जितका पैसा उभारणीला, तितकाच चालवण्याला. देशभरात अशा सुमारे १० हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली आहे. आमच्या भागातील उपक्रमाचा जो ढोबळ खर्च बैठकीत वाचून दाखवण्यात आला, त्यात मात्र खोलीची रंगरंगोटी, संच आणि संगणक यांवर जवळजवळ सर्व रक्कम खर्ची पडत होती. पहिल्या वर्षीच्या देखभालीची एक ओळ होती, दुसऱ्या वर्षाची ओळच नव्हती.

कंपनीकडे पैसे नाहीत किंवा कायदा आड येतो, असेही नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे. अनेक कंपन्या ही रक्कम आर्थिक वर्ष संपत आले की घाईने खर्च करतात, आणि मग साहित्याची खोकी फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेत येतात, जेव्हा शिक्षक परीक्षा आणि निकालपत्रकांत बुडालेले असतात. मे महिना सुटीचा. जूनमध्ये खोकी उघडेपर्यंत त्या मुलांची इयत्ता बदललेली असते, कधी शिक्षकही बदललेला असतो. वास्तविक नियमांत बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे. सुरू झालेल्या आर्थिक वर्षाखेरीज पुढील तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालू ठेवता येतो, आणि त्याची न खर्चलेली रक्कम स्वतंत्र खात्यात बाजूला ठेवता येते. महापालिकेने करार करताना हा उपक्रम पहिल्या दिवसापासून बहुवर्षीय म्हणूनच मांडण्याचा आग्रह धरावा, आणि पैसे शाळेच्या वर्षाप्रमाणे, म्हणजे जूनपूर्वी आणि दिवाळीच्या सुटीनंतर, असे हप्त्यांनी मागावेत.

हे सर्व हिशेबाचे बोलणे वाचून कोणाला वाटेल की मला मुलांच्या शिकण्यापेक्षा नोंदवह्याच अधिक दिसतात. म्हणून वर्गात प्रत्यक्ष काय घडू शकते ते सांगते. निवृत्तीनंतर मी एका वस्तीतील अभ्यासिकेत मुलांसोबत अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर काम केले. हा सेन्सर ४० हजार हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी सोडतो, जो आपल्याला ऐकू येत नाही, कारण माणसाची श्रवणमर्यादा साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत असते. ध्वनी भिंतीवर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणायचे आणि दोनाने भागायचे, कारण ध्वनी गेला आणि परत आला. पुस्तकातील प्रतिध्वनीचा धडा तो हाच. जानेवारीतील एका थंड सकाळी मुलांनी ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून आज्ञावली (प्रोग्राम) लिहिली आणि मोजपट्टीशी ताडून पाहिली, तेव्हा उत्तर अगदी बरोबर आले. एप्रिलमध्ये त्याच पत्र्याच्या खोलीत भर दुपारी तोच सेन्सर दोन मीटरचे अंतर सात-आठ सेंटिमीटर कमी दाखवू लागला. मुलांनी प्रथम तारा तपासल्या, मग सेल बदलले, मग सेन्सरच बदलला. फरक जाईना. शेवटी सातवीतील एक मुलगी म्हणाली, "बाई, जानेवारीत इथे पंखा नव्हता लागत." तिच्या त्या एका वाक्यावरून आम्ही तापमानाकडे वळलो. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. १५ अंशांना ३४० असलेला वेग ४० अंशांना ३५५ च्या आसपास जातो, ध्वनी लवकर परततो, आणि आपली आज्ञावली मात्र जुन्याच वेगाने गुणत राहते. मुलांनी आज्ञावलीत तापमानाची संख्या घातली आणि मापन पुन्हा जुळले. त्या दिवशी मी स्वतः काहीही शिकवले नव्हते.

हे घडण्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नव्हती. गरज होती ती तोच सेन्सर जानेवारीतही हाताशी असण्याची आणि एप्रिलमध्येही, शंका आल्यावर दुसरा सेन्सर लावून पाहण्याची मुभा असण्याची, आणि चाळीस मिनिटांच्या तासिकेत घंटा वाजली म्हणून चौकशी मध्येच तुटू नये यासाठी सलग दीड तास मिळण्याची. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला आणि कार्यानुभवाला जोडतासिका देता येते, तर या विषयालाही द्यावी. एका मोठ्या हॉलमध्ये साठ मुले आणि पुढे एक चालता-बोलता यंत्रमानव, अशी प्रात्यक्षिके उद्घाटनाच्या दिवशी छान दिसतात, पण तो यंत्रमानव कसा चालतो हे मुलांना उघडून पाहता येत नाही. चार मुलांत एक साधा संच आणि तो पूर्ण सुटा करण्याची परवानगी, एवढे मिळाले तरी मी समाधानी असेन.

पुण्यासाठी हा मार्ग नवा नाही, म्हणून मला या उपक्रमाकडून अपेक्षाही अधिक आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून प्रयोगांवर आधारित विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला होता, जो पुढे शेकडो सरकारी शाळांत पोहोचला. अरविंद गुप्ता हे पुण्यात टेल्कोमध्ये (आजची टाटा मोटर्स) अभियंता असताना सुटी घेऊन त्या कार्यक्रमात गेले, आणि तिथूनच काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार बनवण्याची त्यांची प्रसिद्ध खेळणी आकाराला आली. नंतर अनेक वर्षे ते आयुका या पुण्यातील खगोलविज्ञान संशोधन केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी काम करत होते. ती शोधिका पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिली, म्हणजे तीही अनुदानाचीच वास्तू होती. तिथे आलेल्या महापालिका शाळेतील मुलांना मी एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि एनॅमलच्या (वीज न वाहणारा लेप असलेल्या) तारेचे वेटोळे यांतून स्वतः मोटार फिरवताना पाहिले आहे. तारेच्या एका टोकाचे एनॅमल पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्या टोकाचे फक्त अर्ध्या बाजूने, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात योग्य क्षणी प्रवाह तुटतो आणि वेटोळे फिरत राहते. दहावीच्या पुस्तकातील मोटारीची आकृती ज्यांनी पाठ केली आहे, त्यांतील किती जणांना हे अर्धेच का खरवडायचे ते सांगता येईल? रोबोच्या चाकाची मोटार हातात देण्यापूर्वी मुलांनी ही सेफ्टी पिनेची मोटार केलीच पाहिजे असे मला वाटते.

होशंगाबादच्या कार्यक्रमाची दुसरी बाजूही अनुदान देणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. तो जवळजवळ तीस वर्षे टिकला तो त्यातील साहित्यपेट्यांमुळे नव्हे. शिक्षकांची नियमित शिबिरे होत, ते दर महिन्याला एकत्र बसत, वर्गातील अडचणी मांडत, आणि बाहेरचे वैज्ञानिक त्यांच्याबरोबर बसून त्या सोडवत. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला, तेव्हा इतक्या वर्षांची ती व्यवस्था शासनाच्या एका निर्णयाने संपली. कार्यक्रम शाळेच्या स्वतःच्या रचनेत किती रुजला आहे, हे पाहणे का आवश्यक आहे, ते यावरून कळते.

आमच्याकडे जो प्रस्ताव आहे त्यात वर्ग घेण्यासाठी उपक्रम राबवणाऱ्या संस्थेचा एक तरुण मार्गदर्शक मानधनावर येणार आहे. तो हुशार असेल, मेहनतीही असेल. पण त्याचे मानधन अनुदानाबरोबर संपेल, आणि शाळेतील कायम शिक्षक तोवर वर्गाच्या दाराशी उभे राहून पाहत राहिले असतील, तर त्याच्या जाण्याबरोबर उपक्रमही जाईल. म्हणून पहिल्या वर्षी मार्गदर्शकाने शिकवावे व शिक्षकाने सोबत असावे, दुसऱ्या वर्षी शिक्षकाने शिकवावे व मार्गदर्शकाने सोबत असावे, अशी अट करारातच असावी. प्रत्येक शाळेतून किमान दोन शिक्षक तयार करावेत, कारण एकाची बदली होणारच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. या प्रशिक्षणाचे तास त्यात धरले, तर शिक्षकांवर वेगळा बोजा पडणार नाही. निवडणूक आणि जनगणना यांची कामे शिक्षकांना कायद्यानेच लागू आहेत, त्यामुळे त्या वर्षी एक शिक्षक वर्गात नसेल हे गृहीत धरूनच नियोजन व्हावे.

आणखी एक साधन आपल्या शाळांजवळ आहे, ज्याचा प्रस्तावात उल्लेखही नाही, आणि ते म्हणजे आमचे पालक. सिंहगड रस्ता परिसरातील महापालिका शाळांत शिकणाऱ्या कितीतरी मुलांचे वडील धायरी, नांदेड फाटा, शिवणे येथील वर्कशॉपमध्ये लेथ चालवतात, वेल्डिंग करतात किंवा मोटार वायंडिंगच्या दुकानात काम करतात. काहींचे काका-मामा चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत आणि गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणारे यंत्रमानव रोज डोळ्यांसमोर पाहतात. माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी एकदा जळालेली मोटार सोडवून आतील वेटोळी मुलांना दाखवली, कोणत्या जाडीच्या तारेचे किती वेढे घ्यायचे ते सांगितले, आणि मुले त्या दिवशी त्यांच्याभोवती जशी गोळा झाली तशी माझ्याभोवती कधी झाली नव्हती. तो मुलगा वर्गात कधी फारसे बोलत नसे. दुसऱ्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर येऊन बसू लागला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कराराचा मसुदा या समितीपुढे मराठीत वाचून दाखवावा, आणि दुरुस्तीच्या कामासाठी महिन्यातून एक दिवस कुशल पालकांना मानधन देऊन बोलवावे. यातून साहित्यही दुरुस्त होईल आणि आपल्या वडिलांचे काम हेही विज्ञान आहे, हे मुलांना दिसेल.

भाषेचा मुद्दा थोडक्यात सांगते. संचासोबत येणाऱ्या पुस्तिका बहुतेक वेळा केवळ इंग्रजीत असतात. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमांच्या आहेत. मुलांनी सेन्सर, मोटर, प्रोग्राम असे शब्द वापरायला माझी काहीच हरकत नाही, पण पाठ्यपुस्तकात ज्याला ती रोध आणि विभवांतर म्हणतात, तेच संचाच्या पुस्तिकेत वेगळ्या नावाने आले आहे हे त्यांना कळले नाही, तर एकाच विषयाची दोन अनोळखी पुस्तके त्यांच्यापुढे पडतात. पुस्तिका त्या त्या माध्यमात आणि पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत असावी, आणि कोणता प्रयोग कोणत्या इयत्तेतील कोणत्या धड्याशी जोडलेला आहे, ते तिच्यात लिहिलेले असावे.

गटात काम करताना मुलगे स्क्रूड्रायव्हर हाती घेतात आणि मुलींकडे वही येते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यासाठी नियमच हवा: दर तासिकेला कामाची अदलाबदल सक्तीची. स्पर्धांबाबतही सावध राहावे. तीन चुणचुणीत मुले निवडून त्यांना स्पर्धेसाठी तयार करायचे आणि चषकासोबत छायाचित्र घ्यायचे, हे देणगीदाराच्या अहवालासाठी सोयीचे असते, पण उरलेली मुले त्या खोलीत पाऊलही टाकत नाहीत. उपक्रमाचे मूल्यमापन करताना किती मुलांनी पारितोषिके मिळवली याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस किती संच चालू स्थितीत आहेत, वर्षभरात किती सेल विकत घेतले गेले, आणि किती मोटारी बदलाव्या लागल्या, हे विचारावे. एकही मोटार बदलावी लागली नाही असे उत्तर आले, तर खोली बंद होती असे खुशाल समजावे.

महापालिकेचा शिक्षण विभाग आणि अनुदान देणारी कंपनी यांच्याकडे माझी विनंती अशी आहे की अनुदानाच्या किमान निम्म्या रकमेची तरतूद तीन वर्षांच्या साहित्यभरतीसाठी, दुरुस्तीसाठी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी करारात स्वतंत्रपणे दाखवावी, आणि सुट्या भागांची नोंद उपभोग्य साहित्यात करण्याचे लेखी आदेश शाळांना जूनपूर्वी मिळावेत. आमच्या भागातील शाळेत दर शनिवारी विनामोबदला येऊन मुलांबरोबर काम करण्याची माझी तयारी आहे, तसे पत्र मी मुख्याध्यापकांना दिले आहे. कपाटाची एक किल्ली वर्गातील मुलांच्या प्रतिनिधीकडे असावी, एवढेच त्या पत्रात अधिकचे लिहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
सिंहगड रस्ता, पुणे